भुताच्या जागा बघायचा माझा छंद
(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

पेण-रोह्याकडच्या सगळ्या बचत गटांतल्या तायांनो, मावश्यांनो, आणि कामं उरकता उरकता ऐकणाऱ्या सुनांनो, पापड लाटत असाल तर लाटत राहा, हात थांबवायची गरज नाही. फक्त पोरं जवळ असतील तर त्यांनाही ऐकू द्या. विषय भुतांचा आहे, म्हणजे ती ऐकतीलच.

मी पेणची. ३६ वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते, त्यातली बरीचशी रोहा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर गेली. आता निवृत्त आहे. मागच्या महिन्यात माझ्या भाच्याचा ठाण्याहून फोन आला. म्हणाला, "मावशी, आम्ही चौघं शनिवारी तुझ्याकडे येतो. रात्री आम्हाला एका हाँटेड जागी जायचंय." मी म्हटलं, मेल्या, घरात पाली आहेत तेवढ्या पुरत नाहीत का तुला? तर म्हणाला, अगं, हा आमचा छंद आहे. कुणी ट्रेकिंगला जातं, कुणी पक्षी बघतं, आम्ही भुताच्या जागा बघतो.

आता खरी गंमत सांगते. हाच छंद मलाही आहे, आणि त्याच्या जन्माच्या आधीपासून आहे. माझ्याकडे एक वही आहे. त्यात जागा लिहिलेल्या आहेत: अमक्या वाडीची विहीर, तमक्या साकवाजवळचं उंबर, खाडीचा बांध, बंद घर. प्रत्येक जागेपुढे लोक काय म्हणतात ते, आणि त्याच्याखाली तिथे कोण मेलं, कधी, कशानं, हे मला विचारून विचारून जेवढं कळलं तेवढं.

भाच्यानं मग फोनवर एक व्हिडिओ पाठवला. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या कुणा मुलांनी काढलेला. रात्रीची चिंच, दगडी विहीर, मागे डोंगराची काळी रेघ. एक मुलगा धापा टाकत बोलतोय, "रोह्याची हडळ इथं दिसते." मग कॅमेरा वळतो आणि जरा लांब एक घर दिसतं, अंगणात दिवा असलेलं. "हेच तिचं घर." भाचा विचारत होता, मावशी, ही जागा कुठली, तुला माहीत असेल ना?

माहीत होती. माझ्या वहीतलं पहिलं पान त्याच चिंचेचं आहे.

१९८६ सालचा श्रावण. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, वय २२. उपकेंद्र म्हणजे भाड्याची एक खोली, एक कंदील, एक पेटी. फोन नाही, गाडी नाही. रात्री अकराच्या सुमाराला एक माणूस इरलं घेऊन दारात आला. पलीकडच्या वाडीतल्या त्याच्या भावजयीचं बाळंतपण झालं होतं. मुलगी झाली, सुईणीनं सगळं नीट केलं, पण वार पडत नव्हती आणि रक्त जात होतं. मी पेटी घेतली, इंजेक्शन घेतलं, निघाले.

वाडीला जायला दोन वाटा होत्या. एक पाणंदीनं, चिंचेवरून, विहिरीच्या कडेनं. दुसरी ओढ्याला वळसा घालून साकवावरून. फाट्यावर तो माणूस थांबला. म्हणाला, "बाय, हिकडून नको. आज आमुशा हाय. चिंचेवर बाय बसते, बालंतपनात मेलेली." मी शिकलेली नर्स. मी म्हणायला हवं होतं की चल, काही होत नाही. मी म्हटलं नाही. माझ्याही पोटात गोळा आला होता. मी त्याला दोष देत नाही, आम्ही दोघंही घाबरलो होतो. आम्ही लांबच्या वाटेनं गेलो.

बाळंतपणानंतर रक्त जायला लागलं की बाई दोन तासांतसुद्धा हातची जाते. आम्ही पोचलो तेव्हा ती गार पडली होती. बाळ सुईणीच्या मांडीवर रडत होतं.

पुढच्या आठवड्यात मी उन्हाची त्या जवळच्या वाटेनं एकटी चालत गेले. घड्याळ लावून. २२ मिनिटं लागली. आदल्या वेळी आम्हाला सव्वा तास लागला होता. चिंचेखाली बसले, विहिरीत डोकावले, पाणी स्वच्छ होतं. आणि दिवस कार्य होऊन पंधरवडा होतो न होतो तोच वाडीत बोलायला लागले की चिंचेवर आता दोघी बसतात. एका हडळीच्या भीतीनं दुसरी हडळ तयार झाली होती, आणि ती करण्यात माझाही हात होता.

तेव्हापासून, जिथं कुणी म्हणेल 'तिकडे जाऊ नका बाई', तिथं मी दिवसा जायचे आणि विचारायचे, कोण होती ती? नाव काय होतं? आधी लोक दचकायचे. मग एखादी म्हातारी पदर सावरून जवळ यायची आणि हळूच सांगायची. हीच माझी सुरुवात.

मैत्रिणींनो, माझी वही चाळलीत तर निम्म्याहून जास्त पानांवर बाईच आहे. हे माझ्याच बाबतीत झालंय असंही नाही. शंभरेक वर्षांपूर्वी नाशिकला जॅक्सन नावाचे इंग्रज कलेक्टर होते. १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेरे यांनी नाटकगृहात ज्यांना गोळ्या घातल्या तेच. त्यांना लोकांच्या समजुती गोळा करायचा नाद होता. शाळांच्या मास्तरांकडून ते लेखी माहिती मागवायचे. त्यांच्या मागे ती कागदपत्रं एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं छापली, आणि कोकणचा भाग १९१५ ला निघाला. त्यात आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या मास्तरांनी लिहून पाठवलेली माहिती आहे. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ ला आलं.

त्यातली भुतांची यादी बघण्यासारखी आहे. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत मेली तर हडळ. विटाळशी असताना किंवा बाळंत होताना गेली तर अळवंत. नवरा जिवंत असताना मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. पुरुषांचीही भुतं आहेत, मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुंजा, पाण्यात बुडालेला गिऱ्हा. पण बायकांचं बघा. मेल्यावरसुद्धा पहिला प्रश्न हाच, की नवरा होता का गं? आणि दुसरा, विटाळ होता का? ती कशानं मेली, तिला कुणी वेळेवर दवाखान्यात नेलं का, हे त्या नावात कुठेच नाही. मी नर्स म्हणून ती नावं वाचते तेव्हा मला रक्तस्राव दिसतो, झटके दिसतात, सूतिकाज्वर दिसतो.

झटक्यांवरून आठवलं, हे मध्येच सांगून टाकते. आठव्या-नवव्या महिन्यात चेहऱ्यावर, हातापायांवर सूज, सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मग एकाएकी अंग ताठ होऊन झटके. याला अजूनही कुठे कुठे 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि भगत बोलावतात. हा रक्तदाबाचा आजार आहे. आई आणि बाळ दोन्ही जाऊ शकतात. अंगारा नंतर लावा हवा तर, आधी १०८ ला फोन करा. आपल्या राज्यात २०१४ पासून ही गाडी आहे. १९८६ ला ती असती तर मी आज दुसऱ्याच विषयावर बोलले असते.

तर छंदाकडे येऊ. निवृत्त झाल्यावर आम्ही पाच-सहा मैत्रिणी मिळून लांबच्या जागाही बघायला लागलो. पहिला नंबर अर्थातच पुण्याच्या शनिवारवाड्याचा. तिथली गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, गारदी वाड्यात घुसले आणि १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारलं. पौर्णिमेच्या रात्री अजून 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. हाक आली ती आइस्क्रीमवाल्याची. वाडा जवळजवळ सगळा १८२८ च्या आगीत जळाला, आता तट, दरवाजे, जोती आणि बाग तेवढी उरली.

पण बघा, तिथंही बाई आहेच. 'धरावे' असं रघुनाथरावांनी लिहिलं होतं आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. तो कागद कुणी बघितलाय? त्याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. पण म्हणीत राहिली आनंदीबाई, आपल्या कोकणातली माहेरवाशीण. आणि त्या दिवशी पेशव्यांबरोबर वाड्यातली नोकरमाणसं मारली गेली, दासी मारल्या गेल्या. त्यांची हाक कुठल्याच पौर्णिमेला कुणाला ऐकू येत नाही. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, भूत व्हायलासुद्धा घराणं लागतं." आम्ही हसलो खऱ्या, पण नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

राजस्थानात भानगड नावाचा किल्ला आहे, तिथं पुरातत्त्व खात्याची पाटीच आहे की सूर्यास्तानंतर आत जायला मनाई. पोरं ती पाटी दाखवून म्हणतात, बघा, सरकारसुद्धा भुताला मानतं. अरे बाबांनो, पडक्या किल्ल्यात अंधारात कुणी पाय मोडून घेऊ नये, दगड चोरू नये, म्हणून जुन्या वास्तू संध्याकाळी बंद करतातच. आमच्या गटातल्या एकीला जायचंय तिथं. मी म्हटलं, आधी गुडघ्याचं बघ.

मी भुतं मानते का, असं तुम्ही विचाराल. सगळ्या जागा मी एका मापानं मोजत नाही. आपल्या खारेपाटातल्या चकव्याचंच घ्या. बांधावरून रात्री निघालेला माणूस पहाटेपर्यंत फिरतो आणि निघाला तिथंच येतो. लोक खोटं सांगत नाहीत, होतं ते तसंच. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले तशी गोल गोल फिरायला लागली, आणि त्यांना वाटत होतं आपण नाकासमोर चाललोय. डोळे बांधले तर वीस-वीस मीटरच्या वर्तुळात घुटमळली. मग अंधारात, सगळीकडे सारखंच पाणी, सारखीच खारफुटी असलेल्या खाडीत चकवा लागला तर नवल काय? आणि लांबवर हलणारे ते भुताचे दिवे मी एकदा जवळ जाऊन बघितले. चिंबोऱ्या पकडणारी मंडळी होती. मला बघून तीच घाबरली. पांढरं लुगडं, हातात पेटी, आणि रात्रीचा एक वाजलेला! त्या वर्षी त्या गावात एक नवीन भूत निघालं होतं असं नंतर कळलं. ते मीच असणार.

पण डोहातल्या आसरांना मी हात जोडते. आमच्याकडे नदीच्या खोल डोहावर साती आसरा असतात, दगडाला हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. 'दुपारच्या वेळी तिथं पोहू नका, आसरा ओढतात.' ज्या काळी पाट्या नव्हत्या आणि कुणाला वाचताही येत नव्हतं, त्या काळची ही धोक्याची पाटी आहे. कुंडलिकेचं तर सगळ्यांना माहीत आहे. भिऱ्याला १९२७ पासून टाटांचं वीजघर आहे. तिथून पाणी सुटलं की कोलाडकडे नदीचं पात्र बघता बघता भरतं. त्याच पाण्यावर आता राफ्टिंग चालतं. गावातलं पोर आसरांच्या भीतीनं काठावर थांबतं. शहरातून आलेलं पोर म्हणतं, भूतबीत काही नसतं, आणि घोटाभर पाणी बघून दगडावर जाऊन बसतं. आसरा नाहीत म्हणून सांगणाऱ्यानं पाणी कधी सुटतं हेही सांगायला हवं ना?

हायवेच्या वळणांचं मात्र मला हसू येत नाही. मुंबई-गोवा हायवेवर ठिकठिकाणी गाडीपुढे पांढऱ्या साडीतली बाई येते म्हणतात. पळस्पे ते इंदापूर रस्ता रुंद करायचं काम २०११ ला सुरू झालं आणि दहा वर्षं उलटून गेली तरी अर्धवट होतं. दिवा नाही, पट्टा नाही, एकाएकी संपणारा रस्ता, खड्डे. माणूस मरतो ते त्यानं, आणि नाव होतं साडीवालीचं. तिच्या नावावर खपवलं की कुणाला जाब विचारायला नको.

आणि काही भुतं तर माणसं पाळतात. माझ्या वहीत एका बंद घराची नोंद आहे. चाकरमान्यांचं घर, माणसं मुंबईला, गणपतीपुरतं उघडायचं. मग ते गणपतीलाही उघडेना, तेव्हा तिथं रात्री भांडी वाजतात अशी आवई उठली. लोक त्या बाजूला फिरकेनात. गटाच्या बायकांना वेगळाच वास यायला लागला होता. त्या भर दुपारी पोलीस पाटलांना घेऊन मागच्या पडवीत शिरल्या, तर हातभट्टीचे डबे. भांडी खरंच वाजत होती! ती आवई उठवणारा कोण होता, हे त्या वाडीला अजून माहीत आहे, त्याचं नाव मी इथं घेत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. माझा छंद, माझी वही. पण आता या पोरांच्या छंदात आणि माझ्या छंदात काय फरक, हा प्रश्न मला त्या व्हिडिओनं घातला. मीही जातेच ना लोकांच्या दुःखाच्या जागी? मलाही तिथं गेल्यावर अंगावर काटा येतो आणि तो बरा वाटतो, खोटं कशाला बोलू.

ते घर, अंगणात दिवा असलेलं, कुणाचं आहे सांगते. १९८६ ला त्या रात्री जी मुलगी झाली तिचं. आजीनं शेळीच्या दुधावर वाढवली. आता चाळिशीला आली, गावातल्या गटाचं खातं तीच लिहिते. तिला एक मुलगी आहे, तिच्या लग्नाचं बघतायत. एक स्थळ जमत आलं होतं. मुलाकडच्यांनी कुठून तरी तो व्हिडिओ बघितला. त्यांनी निरोप धाडला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळली होती. मधल्या माणसानं खरं काय ते सांगितलं, 'हडळीच्या घरातली मुलगी नको म्हणाले.'

व्हिडिओ काढणाऱ्या मुलांच्या मनात वाईट नव्हतं असं मी धरून चालते. त्यांना कुणी सांगितलंच नसेल की त्या घरात माणसं राहतात, आणि तिथली आजी गेली ती २४ वर्षांची असताना गेली.

शनिवारी भाचा आणि त्याचे मित्र आले. मी त्यांना जेवू घातलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, आणि म्हटलं, रात्री कुठेही जायचं नाही, उद्या सकाळी मी नेते. तोंडं उतरली त्यांची. रविवारी सकाळी पाणंदीनं गेलो. चिंच अजून आहे. विहिरीचा काठ एका बाजूनं खचलाय, वर गवत वाढलंय, त्यामुळे तोंड कुठे सुरू होतं ते दिवसासुद्धा कळत नाही. मी पोरांना गवत बाजूला करून दाखवलं. तो व्हिडिओ काढणारा मुलगा जिथं उभा होता तिथून विहीर दीड पावलावर होती. भाच्याचा एक मित्र गपकन खाली बसला.

मग मी त्यांना त्या घरी नेलं. आधी मी एकटी आत गेले, तिला विचारलं, पोरं आली आहेत, येऊ देत का? ती म्हणाली, येऊ दे, चहा ठेवते. आणि त्या स्वयंपाकघरात, जवळजवळ ३९ वर्षांनी, मी तिला दोन वाटांचं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या घरी येत-जात होते, तिच्या दोन्ही बाळंतपणांना मी होते, पण हे सांगायला तोंड उघडत नव्हतं.

ती बराच वेळ आधणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा कितीच्या होता?"

म्हटलं, बावीस.

"माझी पोरगी बावीसची आहे," ती म्हणाली, आणि चहात साखर घातली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं की आई कशी होती. तिच्या घरात आईचा एकही फोटो नाही. मी तिचं नाव तीन वेळा नोंदवहीत लिहिलं होतं, तीन वेळा तपासलं होतं. उंचीनं लहान, रक्त कमी, हातात हिरव्या बांगड्या. लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा म्हणाली होती, याच्यानं सगळं काळं काळं होतं, पोर काळी झाली तर? आणि स्वतःच हसली होती. मुलीनं हे दोनदा सांगायला लावलं. बाहेर ओटीवर ती चार पोरं चहाचे कप धरून गप्प बसली होती. भाच्यानं नंतर मला म्हटलं की मावशी, त्या व्हिडिओवाल्यांना आम्ही लिहितो, घर दिसतं तेवढं तरी काढा म्हणून. लिहिलंय त्यांनी. अजून उत्तर नाही.

मी हे रेडिओवर सांगू का, असं तिलाच विचारलं. म्हणाली, गावाचं नाव घेऊ नका, बाकी सांगा.

आता तुमच्यासाठी कामाच्या चार गोष्टी, कारण असली पोरं तुमच्याही गावात येणार, आणि तुमचीही पोरं दुसऱ्यांच्या गावी जाणार. जायचंच असेल तर दिवसा जाऊ दे. पावसाळ्यात पडक्या वास्तूच्या, जुन्या विहिरीच्या जवळ नको, दगड सुटलेले असतात आणि बिळातली जनावरं बाहेर आलेली असतात. गावातल्या कुणाला तरी सांगून, विचारून जाऊ दे, आणि कुणाचं राहतं घर फोनमध्ये घेऊ नये. तुमच्या गावात रात्री अनोळखी पोरं टॉर्च घेऊन फिरताना दिसली तर काठ्या घेऊन धावू नका, चोर समजून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. पोलीस पाटलांना सांगा, नाहीतर ११२ लावा.

आणि कायद्याचं एक. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून कुणाला बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हेही त्यात येतं. बाळंतपणानंतर एखादी बडबडायला लागली, झोपेना, बाळाकडे बघेना, तर तिच्या अंगात कुणी आलेलं नसतं, तो आजार आहे आणि औषधानं बरा होतो. १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर फुकट आहे. पण बाळाच्या किंवा तिच्या जिवाला धोका वाटला तर नंबर फिरवत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

एक जागा मात्र अशी आहे की तिथं माझी वही घेऊनही मी जाणार नाही. खालापूरची इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला, शोध थांबवला तेव्हा २७ जणांचे देह मिळाले होते, ५७ जण ढिगाऱ्याखालीच राहिले. उद्या एखादा तिथं रात्रीचा कॅमेरा घेऊन जाईल आणि म्हणेल, आवाज येतात. तसं कुणी तुमच्या ओळखीचं निघालं तर त्याचा फोन काढून घ्या, मी सांगितलं म्हणून सांगा. त्या वाडीत कोण कोण होतं ते सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. त्यांना ऐकायचं असेल तर दिवसा, त्यांच्या दारात, ती बोलली तर.

चिंचेजवळच्या वाडीचं पुढचं ठरलंय. येत्या रविवारी सकाळी आठला गटाच्या बायका पाणंद साफ करणार आहेत आणि विहिरीला कठडा घालायचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचाय, त्यावर सह्या घ्यायच्या आहेत. कठडा होईपर्यंत बांबू बांधू. ती म्हणालीय की चिंचेखाली बसायला एक दगड ठेवायचा आणि त्यावर आईचं नाव घालायचं, नुसतं नाव. त्याआधीच्या बाईचं, जिच्या भीतीनं आम्ही वळसा घातला तिचं, नाव मला आजतागायत मिळालेलं नाही. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींना विचारून झालं. त्यांच्या सासूला ठाऊक असेल म्हणाल्या, पण सासू जाऊन तीस वर्षं झाली. रोह्याकडच्या कुणाच्या घरात, कुणाच्या आजीच्या बोलण्यात, पाणंदीतल्या चिंचेच्या बाईची गोष्ट आली असेल तर रेडिओवर निरोप ठेवा. मी येऊन भेटेन. दिवसा येईन, घाबरू नका.

कोयते ज्यांचे त्यांनी आणा, आणि चपला नको, बूट घाला. काट्या फार आहेत तिथं. नमस्कार.